मुंगीच्या सहलीचा खाऊ

५ मार्च

चि. ढब्बू यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, तूही मजेत असशील. पत्राच्या पहिल्या ओळीत एवढं खोटं चालतं, म्हणून तेवढं लिहून मोकळी झाले.

पत्र अशासाठी की फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. तुझ्या त्या धरणाच्या छावणीतली रेंज भलतीच चतुर आहे. तीनशे माणसांना नाश्त्याला काय केलं, मुकादमाचं पोट कसं बिघडलं, हे सांगून होईपर्यंत ती शाबूत असते. मी मुंगीचं नाव काढलं की "ताई, आवाज तुटतोय" आणि खट्. पत्राचा आवाज तुटत नाही. तुमच्या सामानाचा ट्रक दर गुरुवारी वर येतो, त्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. भला माणूस आहे. पाकीट कांद्यांवर ठेवू की बटाट्यांवर, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, कांद्यांवर. वाचणाऱ्याला निमित्त असलेलं बरं.

तर बातमी. तुझ्या लेकीचा, मुंगीचा, पाचवा वाढदिवस यंदा घरात नाही, सहल काढून करायचा ठरलाय. तळ्याकाठच्या बागेत, रविवारी, सोळा तारखेला. तारीख जरा अलीकडे ओढलीय. पुढे त्या मोठ्या झाडाखालची जागा मिळत नाही, फार गर्दी होते.

दुसरी बातमी याहून मोठी. डॉक्टरबाईंनी तिला तोंडानं चाखायची परवानगी दिली आहे. होय, बरोबर वाचलंस. गिळायचे स्नायू ऐकेनासे झाले, घास श्वासाच्या वाटेनं छातीत उतरायला लागला, तेव्हा पोटाला नळी बसवली. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं त्या पोरीच्या जिभेला औषधाशिवाय काही लागलेलं नाही. आता चमच्याच्या टोकावर मावेल एवढं, जिभेवर ठेवायचं. तिला हवं ते.

"हवं ते" म्हणताक्षणी घरात काय गोंधळ उडाला असेल, तुला कल्पना येईल. गेले आठ दिवस आमच्याकडे खाऊ या एकाच विषयावर बैठका चालू आहेत. अध्यक्ष मुंगी. तिची चाकांची खुर्ची टेबलाच्या तोंडाशी, मान सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा. सभासद तुझी बायको, मी आणि नर्सबाई. आमंत्रण नसताना हजर राहणारी सभासद म्हणजे वरच्या मजल्यावरची पोषणवाली. तू गेल्यावर राहायला आली, तुला माहीत नाही. लोकांनी काय खाऊ नये हे सांगण्याचा तिचा धंदा आहे आणि तो घरी, जिन्यात, लिफ्टमध्ये अखंड चालू असतो. तिला जुळी मुलं आहेत. दोघंही बिस्किटाकडे टक लावून बघतात.

पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "गाजराच्या कांड्या ठेवा. साखर म्हणजे पांढरं विष हो."

मुंगीनं मान न हलवता डोळे तिच्याकडे फिरवले. "विष कसं लागतं?"

"ते कुणाला सांगता येत नाही, बाळा."

"मग तुला कसं कळलं?"

नर्सबाईला एवढा ठसका लागला की तिला पाणी द्यावं लागलं. पोषणवाली पुढच्या बैठकीला गाजरं घेऊनच आली. मनाला लावून घेणाऱ्यांपैकी नाही ती.

आता तुझ्या लेकीची निवड करण्याची पद्धत. ती आधी वस्तू वाजवायला लावते. मग नाकाशी धरायला लावते. मग आपल्यापैकी कुणीतरी खायचं आणि कसं लागलं ते सांगायचं. ही शेवटची सवय तू लावलीस. नळी बसवल्यावर आपण सगळे स्वयंपाकघराचं दार लोटून चोरांसारखे जेवायचो, तू दाराआड टोस्ट खाल्लास आणि बाहेरून हाक आली, "बाबा, काय वाजलं?" त्या दिवसापासून तू ताट घेऊन तिच्यासमोर बसायला लागलास. टोस्ट म्हणजे वाळक्या पानांवरून चालत जायचं आणि खाली ऊन सापडतं, असलं काय काय सांगायचास. हा आचारी आहे की वकील, असं मला वाटायचं. आठ महिने झाले, तू धरणावर गेलास आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी त्यात सपशेल नापास आहे.

"आत्तू, बिस्कीट कसंय?"

"गोड आहे. कुरकुरीत आहे."

"अजून?"

"अजून काय असायचंय? बिस्कीट आहे."

"तू खात नाहीस," ती म्हणाली. "तू नुसतं संपवतेस."

पन्नाशी आली माझी, पण माझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

असो. काकडीचं सँडविच पहिल्या फेरीत बाद, कारण त्याला आवाज नाही. उकडलेलं अंडं बाद. वास नर्सबाईच्या हातमोज्यांचा येतो म्हणे. नर्सबाईनं ते मनावर घेतलं आणि दिवसभर हात धुतले. वेफर्स एकमतानं पास. तुझ्या बायकोनं पाकीट तिच्या कानाशी नेऊन एकेक वेफर मोडला. लेक डोळे मिटून ऐकत होती आणि आई मोडत होती, अख्खं पाकीट संपेपर्यंत. कलिंगड रंगावर पास. जेलीच्या वेळी जरा पंचाईत झाली. बशी टेबलावर ठेवली तशी जेली थरथरली. मुंगी म्हणाली, "माझ्या मानेसारखी." आमचे चमचे बशीतच राहिले. मग तीच म्हणाली, "घ्या ना. छान आहे."

जेली पास.

केकवर अजून एकमत नाही. तुझा सल्ला हवा. तू तीनशे माणसांचा आचारी, एका पाच वर्षांच्या पोरीला पहिला घास कुठला द्यावा हे तुलाच कळणार. लिहून कळव. त्याहून बरं म्हणजे ट्रक शनिवारी खाली येतो, त्यात बसून ये आणि इथेच सांग.

बाकी ठीक. तुझ्या बायकोची तब्येत ठीक आहे. ती नमस्कार सांगत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

तुझी,
ताई


१२ मार्च

चि. ढब्बू यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार पानं! शाळेत निबंधाला तू चार ओळींच्या वर कधी गेला नाहीस, म्हणून पाकीट उघडून आधी सही तपासली. त्यातलं सव्वा पान काकडीचं पाणी कसं काढावं यावर आहे. काकडी बाद झाली हे मी कळवलं होतं, तरी. पुढचं पान लोण्यावर: लोणी पावाच्या कडेपर्यंत लावावं, नाहीतर पाव ओला होतो. मग कलिंगड आदल्या दिवशी कापू नये. मग जेलीचं भांडं बर्फात ठेवून न्यावं. सगळं खरं आहे, सगळं तसंच करू. आणि शेवटी, समासात, आडवं लिहिलेलं: "परवानगी मिळाली म्हणजे सुधारणा आहे! मी म्हणत होतोच. कालच्या जेवणात सगळ्या छावणीला गोड वाढलं. पण वाढदिवस जूनमध्ये ना? आत्ताच कशाला?"

ते मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

तुला ठाऊक आहे, मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहिते. लोक कळवतात, नळाला तीन आठवडे पाणी नाही. मी लिहिते, आपल्या तक्रारीची योग्य ती दखल घेण्यात आली आहे. त्यात एकही शब्द खोटा नसतो आणि माणसाच्या हाती काहीही लागत नाही. माझ्या टेबलावर असल्या उत्तरांचे गठ्ठे असतात, साहेब सही करताना वाचतही नाहीत, इतका माझा हात बसलाय. गेल्या आठवड्यात तुला गेलेलं पत्र त्याच हातानं लिहिलं होतं. परवानगी मिळाली, हे खरं. ती का मिळाली, ते मी गाळलं. तू त्यावर गोड वाढून बसलास.

म्हणून आता सरळ लिहिते. इथे पत्र खाली ठेवून भात बघायला जाऊ नकोस. भात दुसरा कुणीतरी बघेल.

फेब्रुवारीच्या मध्यात तिची छाती पुन्हा भरली होती. तुला फोनवर सांगायला गेले तेव्हा आवाज तुटला. नऊ दिवस दवाखान्यात होती. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. तीच खोली, भिंतीवर तोच चष्मा लावलेला ससा. मुंगी बाहेर नर्सबाईजवळ होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तिला थोडं थोडं चाखू द्या. आवडेल ते."

तुझ्या बायकोचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. म्हणाली, "म्हणजे गिळणं सुधारलं?"

"नाही."

"मग घास छातीत नाही का जाणार?"

"जाऊ शकतो. थेंबभर दिला तर बहुतेक नाही. पण आता आपण कशासाठी जपतोय, हा प्रश्न आहे."

बाई वाईट नाहीत. त्यांनी पेन मिटवलं, खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली. म्हणाल्या, श्वासाचे स्नायूही आता त्याच वाटेनं चाललेत. पुढच्या वेळी ताप आला तर इकडे आणायची घाई करू नका. सुया, नळ्या, परकी खोली, यातून तिला काही मिळणार नाही. घरी ठेवा, मला फोन करा, मी येईन. मग विचारलं, "वाढदिवस कधी असतो तिचा?"

"जूनमध्ये," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उलटवून बघितलं. मग म्हणाल्या, "अलीकडे करा."

तर झाडाखालच्या जागेचं कारण हे. बागेत गर्दीबिर्दी काही होत नाही.

परतताना तुझी बायको गाडीत पुढे बसली. मागच्या सीटवर मुंगी खिडकीतून दुकानांच्या पाट्यांचे रंग मोजत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तुझ्या बायकोनं मागे वळून तिला विचारलं, "सहलीला जाऊया का आपण? काय काय खाऊ नेऊ?" इतक्या नेहमीच्या आवाजात विचारलं की मला तिची भीती वाटली. त्या क्षणापासून ती खाऊबद्दलच बोलते. बशा कुठल्या, चमचे कुठले, वेफर्स लांबट की गोल. तुम्हा नवराबायकोचं पटत नाही असं कोण म्हणेल? तू तिकडे काकडीचं पाणी काढतोयस, ती इकडे चमचे निवडतेय.

मी तिला विचारलं, "त्याला कळवू?"

"कळवा."

"ये म्हणून लिहू?"

"तुमच्याकडून लिहा हवं तर. माझ्याकडून नाही. मागे त्या खोलीत डॉक्टर बोलत होत्या, तेव्हा हा पाणी पिऊन येतो म्हणून उठला, तो आठवड्यानं धरणावरून फोन करून म्हणाला, नोकरी लागली. ताई, मी बोलावल्यावर येणारा माणूस मला नको. त्याचा त्याला यावंसं वाटलं तर दार उघडं आहे."

मी कागद-पेन घेऊन बसले.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. ढब्बू, तू पळालास हे मला कळतं. मीही पळाले असते. मला फक्त कुणी धरणावर बोलावलं नाही. पण आता पळायला पुढे जागा नाही रे. ती पोरगी रोज विचारते, सहलीला बाबा येणार ना. आम्ही म्हणतो, बघू. "बघू" म्हणजे काय, हे तिला आमच्याहून चांगलं कळतं.

ट्रक उद्या वर येईल, परवा तिथेच थांबेल, शनिवारी खाली उतरेल. ड्रायव्हरच्या शेजारची सीट मी तुझ्यासाठी मागून ठेवली आहे. तो म्हणाला, "परतीला माझ्याशी बोलायला कुणीच नसतं, बाई. साहेब आले तर बरंच होईल."

वाट बघते.

तुझी,
ताई


१९ मार्च

ढब्बू,

आशीर्वाद आहेतच. ते काही परत घेता येत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ट्रक आमच्या दारात थांबला. तुझी बायको भांडी घासत होती. ओल्या हातांनी, तसाच नळ चालू टाकून, ती दोन जिने उतरून खाली पळाली. बोलावणार नाही म्हणणारी ती हीच. मी गॅलरीतून बघत होते. तिनं ड्रायव्हरच्या पलीकडचं दार उघडलं आणि उघडं धरून उभी राहिली.

सीटवर संत्र्यांची पेटी होती. पेटीला पट्टा बांधलेला.

ड्रायव्हर बिचारा ओशाळून म्हणाला, "रस्ता खराब आहे ना. साहेबांनी स्वतः बांधली, एक फळ दबलं नाही बघा."

"वर आणून ठेवा," ती म्हणाली. वर आल्यावर पुन्हा भांड्यांकडे गेली. पेटीत तुझी चिठ्ठी होती, ती मी वाचली: फोडीची साल आणि बिया काढाव्यात, रस गाळून घ्यावा, पहिला घास संत्र्याचाच द्यावा. हस्ताक्षर नेहमीपेक्षा चांगलं होतं. त्याचंच मला वाईट वाटलं.

सहल झाली. तुला हवी असो नसो, हकिगत लिहिते.

ऊन छान होतं. मुंगीनं पिवळी टोपी घातली होती आणि झाडाखाली कुणी कुठे बसायचं हे ती डोळ्यांनी सांगत होती. आता आवाज फार खाली गेलाय, तोंडाशी कान न्यावा लागतो. चादर, बशा, कलिंगड, बर्फात जेलीचं भांडं, कडेपर्यंत लोणी लावलेले पाव. नर्सबाई कफ ओढायचं यंत्र मांडीवर घेऊन बसली होती, ते तिनं फुलांच्या कापडात गुंडाळून आणलं होतं, म्हणजे सहलीत वाईट दिसायला नको. पोषणवाली गाजरं घेऊन आली. तिचा नवरा झाडामागे उभा राहून वेफर्स खात होता, मुंगीनं तिथूनही ऐकलं आणि म्हणाली, "काका, इकडे येऊन वाजवा." आला बिचारा. खुर्चीजवळ उकिडवा बसून एकेक वेफर वाजवून खाल्ला, बायकोच्या डोळ्यांदेखत. त्या माणसाबद्दल माझं मत एकदम बदललं. जुळ्यांना जेली मिळाली. पोषणवालीनं बघितलं आणि गाजरांचा डबा मिटला. तिलाही कळलं असावं.

मग मुंगी म्हणाली, "आता मी."

केक समोर होता, पण तिला आधी संत्रं हवं होतं. तू सांगून ठेवलेलं होतंस म्हणे, फार पूर्वी: संत्र्याची फोड फुटली की तोंडात दिवा लागतो. मला हे माहीत नव्हतं, तिच्या आईला होतं. तुझ्या चिठ्ठीचा अर्थ मला तेव्हा कळला.

तुझ्या बायकोनं रस गाळून आणला होता. चमच्याचं टोक बुडवून तिच्या जिभेवर ठेवलं. मुंगीनं तोंड मिटलं, डोळे मिटले. आम्ही सगळे त्या चेहऱ्याकडे असे बघत होतो, जणू तिथून आता काही निघणार आहे.

खूप वेळानं तिनं डोळे उघडले.

"दिवा नाही लागला."

"अजून एक थेंब देऊ?" तुझी बायको म्हणाली.

दुसरा थेंब. तिसरा. मग केकचं बोटाच्या टोकाएवढं क्रीम. आईनं विचारलं, "कसं लागतं गं?" मुंगी विचार करून म्हणाली, "ओलं."

"आणि?"

"ओलंच."

नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या औषधांनी चव जाते हो. मोठ्या माणसांचीसुद्धा. माझ्या लक्षातच आलं नाही." कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वीस दिवस आम्ही वास, रंग, आवाज यांवर भांडलो. दोन डॉक्टरांचे कागद घरात, एक नर्स, एक पोषणवाली, धरणावर एक आचारी. पोरीच्या जिभेला चव कळते का, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

मी मुंगीजवळ परत गेले तर ती आईला सांगत होती, "बाबा खोटं बोलला."

ढब्बू, तुझी बायको गेले आठ महिने तुझा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. ती गवतात गुडघ्यांवर बसली होती, हातात चमचा. म्हणाली, "नाही गं. बाबा खोटं नाही बोलत. तुझं औषध कडू आहे ना, त्यानं चव लपते. बाबाला खरंच तसं लागतं."

"मग टोस्ट?"

"तेपण खरं."

"वाळकी पानं? आणि खाली ऊन?"

"हो."

मुंगीनं तिच्याकडे बघितलं. "तुला लागतं तसं?"

तुझी बायको खोटं बोलू शकली असती. नाही बोलली. "मला नाही लागत," ती म्हणाली. "बाबाला लागतं."

"मग त्याला विचार," मुंगी म्हणाली. "त्याला विचार, दिवा कुठे गेला."

मग तिनं डोळे माझ्याकडे फिरवले, म्हणून मी तुझ्या पेटीतलं एक संत्रं सोललं, समोर बसून खाल्लं आणि सांगायला लागले. आयुष्यात एवढं जीव लावून काही खाल्लं नसेन. म्हटलं, आधी आंबट येतं, मग मागून गोड येतं, जसं कुणी... आणि तिथेच अडकले. जसं कुणी काय, मला सापडेना. शब्दांवर पोट भरणारी बाई मी, आणि बसले रस गळत्या हातांनी. ती काही चिडली नाही. "राहू दे, आत्तू," म्हणाली आणि तळ्याकडे बघत बसली. जरा वेळानं म्हणाली, घरी जाऊया.

सोमवारी सकाळी ताप आला.

गाडीची किल्ली खुंटीला आहे. कुणी तिला हात लावला नाही. डॉक्टरबाई येऊन गेल्या, एक औषध वाढवलं, दोन बंद केली. तुझ्या बायकोच्या पाठीवर हात ठेवून त्या बराच वेळ दारात उभ्या होत्या. मुंगी बरीचशी झोपेत असते. जागी झाली की आईकडे बघते, मग दाराकडे. काही विचारत नाही. विचारायची तेव्हा बरं होतं.

काल मी तुझ्या छावणीच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या कारकुनाला म्हटलं, आचाऱ्याला बोलवा, घरून आहे. तो गेला आणि परत येऊन म्हणाला, "ते कामात आहेत. नंतर करतो म्हणाले." मी विचारलं, काय काम करत होते? भला पोरगा, खरं सांगून गेला. म्हणाला, "काही नाही. मागच्या ओट्यावर बसलेत. कालपासून तिथेच बसलेत."

दिवा कुठे गेला, याचं तिला काय सांगशील, मला माहीत नाही. तुझ्याकडे उत्तर असेलच असंही नाही. नसलं तर नसलं. संत्रं सोलून तिच्यासमोर बस, एवढं पुरे. आणि ते जमलं नाही, तर नुसता बस.

हे एवढं लिहून मी सही करणार होते, तेवढ्यात तुझी बायको आतून आली. म्हणाली, "त्याला लिहिताय?"

मी म्हटलं, हो.

"माझ्याकडून लिहा. ये म्हणावं."

"अजून काय लिहू?"

"एवढंच."

"तुटक वाटेल."

"वाटू दे." ती आत गेली. मुंगीची उशी सारखी केली असेल, तेवढ्या वेळानं परत दारात आली. "ताई, अजून एक लिहा. ट्रकची वाट बघू नकोस म्हणावं. मिळेल त्या गाडीनं ये."

आता ती माझ्या खुर्चीमागे उभी आहे, मी लिहिलं की नाही ते बघायला. ड्रायव्हर खाली थांबलाय. आज तो रात्रभर चालवून पहाटे पोचवतो म्हणाला.

ये. मिळेल त्या गाडीनं ये.

तुझ्या बायकोच्या सांगण्यावरून,
ताई